गायरानावरचे प्राणी-पक्षी नोंदवायचेत, ट्रॅप कॅमेरा घ्यावा का मोबाईलवरच भागंल?

माळावरचा_पोरगा (भूम, जि. धाराशिव)

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला गायरान आहे, बालाघाटाच्या उतारावर, निम्मं कुसळीचं आणि निम्मं नुसतं दगडगोट्याचं, मधी दोन वढे आणि खाली जुना पाझर तलाव. आता तिथं सोलर येणार म्हणायलेत. मोजणीवाले येऊन गेले, पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा चाललंय. माझा सोलरला विरोध नाही हे आधीच सांगतो, नाहीतर इथं लगेच सुरू होतेत लोक. पण कागदावर ती जमीन पडीक आणि मोजणीवाले साहेब पण गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणले की इथं हायेच काय, दगडं. आता आम्ही लहानपणापासून बघायलोय, तिथं लांडगे हायेत, खोकड हाय, हरणाचे कळप तर दिवसाढवळ्या, आणि थंडीत दिवस मावळायला ते पांढुरके शिकारी पक्षी जमिनीला चिटकून उडत येतेत आणि गवतात उतरतेत. पण हे सगळं तोंडी. ग्रामसभेत मी उठून बोललो तर म्हणणार पोरानं मोबाईलवर बघितलंय कुठंतरी.

तर आम्ही तीन-चार जण मिळून थोडे पैसे काढायलोत. एकजण म्हणतोय ट्रॅप कॅमेरे घेऊ, एकजण म्हणतोय ड्रोन मारू एकदाच आणि सगळं शूटिंग करून टाकू. ह्यातलं खरं कामाचं काय? ह्याच्यात मुरलेल्या कुणीतरी सांगा, आणि तज्ज्ञांना बोलवा असं सांगू नका, तज्ज्ञ इथवर येत नाहीत.

---

गोदाकाठचा_बगळा (पैठण)

ड्रोन पहिल्यांदा डोक्यातून काढ. माळरानावर ड्रोनचा आवाज आला की पक्षी उठतात, हरणं उधळतात, आणि तुला शूटिंगमध्ये मिळणार काय तर पळणारी हरणं आणि वाळलेलं गवत. नाथसागरावर मी बघितलंय एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं ड्रोन सोडला तर पाण्यावरचा अख्खा थवा उठून दुसऱ्या काठाला गेला. शिवाय नोंदणी, परवाने ही भानगड वेगळीच.

आता तू जे पांढुरके पक्षी म्हणतोस ना, तीच तुझी सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि तू ती सहज एका ओळीत लिहून मोकळा झालास. ते भोवत्या आहेत, हॅरियर. फिकट राखाडी दिसतात ते नर, पॅलिड किंवा माँटेग्यूचा. कझाकस्तानकडच्या गवताळ भागातून येतात हिवाळ्याला आणि झाडावर बसत नाहीत, रात्री उंच गवतात जमिनीवर मुक्काम करतात, एकाच जागी बरेच. म्हणजे तुझ्या गायरानावर मुक्कामाची जागा असू शकते, आणि गवताचा तेवढा तुकडा गेला की मुक्काम गेला.

त्याला कॅमेरा लागत नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी लांब एका दगडावर जाऊन बसायचं, दुर्बीण असली तर उत्तम, आणि गवतात किती उतरले ते मोजायचं. जवळ जायचं नाही. नर ओळखू येतात, माद्या आणि पिल्लं सगळी तपकिरी, त्यात भल्याभल्यांचं डोकं चालत नाही, तिथं अंदाज ठोकू नकोस. ई-बर्ड म्हणून पक्षी नोंदवायचं ॲप आहे, त्यावर 'हॅरियर, जात निश्चित नाही' असा पर्याय असतो, तो निवडायचा. त्यानं तुझी नोंद कच्ची होत नाही, उलट तपासणाऱ्याचा तुझ्यावर विश्वास बसतो.

ई-बर्ड मोबाईलवर फुकट आहे, रेंज नसली तरी चालतं, घरी आल्यावर अपलोड कर. पण बहुतेक जण इथंच गडबड करतात, भारी पक्षी दिसला की तेवढाच टाकतात. तसं करायचं नाही. किती वाजता सुरू केलं, किती मिनिटं, किती चाललो, आणि ओळखू आलेले सगळे पक्षी, साळुंकी-कावळ्यासकट. ह्याला ते पूर्ण यादी म्हणतात. का, तर एका फोटोवरून एवढंच कळतं की त्या दिवशी पक्षी होता. पूर्ण याद्या साचल्या की दहा खेपांपैकी किती वेळा दिसला आणि किती वेळा दिसलाच नाही हे पण कळतं, आणि कमी-जास्त झालं का हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल असाच बनलाय, सुमारे ३० हजार लोकांच्या ३ कोटी नोंदी, ९४२ जाती. आणि त्यात सगळ्यात वाईट हाल कुणाचे निघाले तर माळरानासारख्या मोकळ्या जागेतल्या पक्ष्यांचे.

मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी सांगतं, शिकायला झकास आहे. पण ते म्हणलं म्हणून लिहायचं नाही. ते सुचवतं, ठरवायचं आपण.

---

केजचा_शेतकरी

सगळे पक्षीमित्र जमलेत वाटतं. मी थोडं वाकडं बोलतो, राग मानू नका.

भाऊ, रात्री दोनला लाईट येती आमच्याकडं. थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन जायचं, बांधावर साप का बिबट्या काय निघंल सांगता येत नाही. ते सोलर गायरानावर आलं तर दिवसा लाईट मिळणार म्हणायलेत, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी का काय ती योजना. आता तुम्ही पोरं मोबाईल घेऊन उभं राहणार आणि पक्षी मुक्कामाला येतेत म्हणून सोलर आडवणार. आणि ती हरणं. कळपच्या कळप येतेत, सोयाबीन कवळं असलं की शेंडे खाऊन जातेत, निम्मं तुडवून जातेत. त्याची नोंद कोण करायलंय कोणत्या ॲपवर? लांडग्यानं आमच्या भावकीतल्या एकाचं करडू नेलं तर मेंढक्यांनी सांगितलं म्हणून कळलं, पंचनाम्याला कुणी आलं नाही.

नोंदी करा, पण दोन्ही बाजूनी करा.

---

गौताळा_वाट (कन्नड)

केजच्या दादांचा मुद्दा बरोबर आहे, त्याच्यावर शेवटी येतो. आधी कॅमेऱ्याचं.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे जादू नाही. आत एक सेन्सर असतो, तो समोरच्या उष्णतेतला फरक बघतो. गरम अंगाचा प्राणी गार पार्श्वभूमीवरून हलला की फोटो. जंगलात हे झकास चालतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी दगडं जनावराच्या अंगाएवढी तापतात, मग फरकच राहत नाही, समोरून लांडगा गेला तरी कॅमेरा गप्प. आणि उलटं, तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की फोटोवर फोटो, दोन दिवसात कार्ड भरलं, बॅटऱ्या गेल्या, आणि बघायला बसलं तर हजारो फोटो कुसळीचे. त्यामुळं माळावर कॅमेरा लावायचा तर थंडीत लाव, नाहीतर रात्रीच्या फोटोंवरच भिस्त ठेव. समोरचं गवत कॅमेऱ्याच्या नजरेत येईल तेवढंच विळ्यानं काढायचं, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य लेन्सवर येत नाही. गुडघ्याएवढी उंची. झाड नसतं माळावर, मग लोखंडी खुंट ठोकावा लागतो, तो साखळीनं बांधून कुलूप, नाहीतर कॅमेरा आठवडी बाजारात जातो. जागा निवडताना उघडा माळ सोड, वढ्यात जिथून पायवाट खाली उतरते ती चिंचोळी जागा धर, तिथून सगळेच जातात. पाझर तलावाच्या कडेला पण चिखलात आधी पावलं बघ, मग कॅमेऱ्याचा विचार कर.

दोन कॅमेरे पुरे. फोटोंचा ढीग पडला तर मेगाडिटेक्टर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मायक्रोसॉफ्टचं, ते रिकामे फोटो, माणसांचे, प्राण्यांचे असे वेगळे काढून देतं. लांडगा का कुत्रं हे मात्र ते सांगत नाही, ते तुम्हीच बघा आणि नीट बघा, माळावर भटकी कुत्री लई झालीत.

फायदा काय तर वाद मिटतो. २०२४ च्या डिसेंबरात तुमच्याच जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. धाराशिवात वाघ, कुणी तोंडी सांगितलं असतं तर हसले असते लोक. पट्टे जुळवून बघितले तर टिपेश्वर अभयारण्याचा निघाला, यवतमाळकडून चालत आलेला. आमच्या गौताळा अभयारण्यात पण २०२१ ला असाच टिपेश्वरचाच वाघ कॅमेऱ्यातच सापडला होता. आणि हे वाघ येतात कुठून, तर अभयारण्याच्या मधल्या वढ्या-नाल्यांतून, गायरानांतून, शेतांतून. २०१९ ला टिपेश्वरच्या एका वाघाला रेडिओ कॉलर होती, तो हिंगोलीकडून फिरत फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, तेव्हा नकाशावर दिसलं की बाबा पडीक म्हणतात ती जमीन त्याला रस्ता म्हणून लागते.

एक ध्यानात ठेव, वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही. गायरान ग्रामपंचायतीकडं असलं तर सरपंचाला सांगून, लेखी.

आता केजचे दादा. लांडग्यानं जनावर मारलं तर वनविभागाची भरपाई आहे, पण लगेच कळवावं लागतं आणि पुरावा लागतो, आणि आपण अडकतो ते पुराव्यातच. तोच कॅमेरा मेंढवाड्याकडं तोंड करून लावला तर करडू लांडग्यानं नेलं का कुत्र्यांनी हे कळतं. माझं म्हणणं, पोरांनी पहिला कॅमेरा तिथंच लावावा. मेंढक्यांना उपयोग झाला तर तुमचे बाकीचे कॅमेरे सांभाळायला तेच लोक उभे राहतील.

---

केजचा_शेतकरी

हे पटलं.

---

मांजराकाठ (लातूर)

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहायलेय. गावच्या वढ्यात पहाटे कोण जातं? बाया जातात. सरपणाला जातात, शेळ्या घेऊन जातात, आणि ज्यांच्या घरी संडास नाही किंवा आहे पण पाणी नाही त्या तशाही जातात. गौताळा दादांनी चिंचोळी पायवाट धरा म्हटलंय, तीच वाट बायांची पण असते. कॉर्बेटच्या जंगलाबद्दल केंब्रिज विद्यापीठाचा अभ्यास २०२४ ला आला होता, प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळं बायांनी जंगलात मोकळेपणानं बोलणं, गाणी म्हणणं सोडलं, आणि एका बाईचा फोटो तर गावातल्या ग्रुपवर फिरला. तुमच्या गावात असं एकदा झालं तर तुमचा कॅमेरा पण जाईल आणि ग्रामसभेत तोंड पण दाखवता येणार नाही. म्हणून लावायच्या आधी बचत गटाच्या बैठकीत जाऊन सांगा, कुठं लावणार, किती दिवस, कार्ड कोण बघणार. त्या म्हणल्या इथं नको तर तिथं नको, विषय संपला. माणसाचा फोटो आला की जागेवर डिलीट, आणि कार्ड काढताना गटातली एक बाई सोबत ठेवा.

दुसरं, लोकेशन. तुमच्यातला कुणीतरी हौसेनं स्टेटसला टाकणारच, 'आपल्या गावचा लांडगा' म्हणून. मोबाईलच्या फोटोत जीपीएस बसलेलं असतं. मांडूळ, खवल्या मांजर, घुबड असलं काही सापडलं तर ते कुणालाच पाठवू नका, ग्रुपवर तर नाहीच. गुप्तधन आणि दुतोंड्या सापाचे गिऱ्हाईक आपल्याकडं कमी नाहीत. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदीच्या ॲपवर टाकलं तर धोक्यातल्या जातींची जागा ते आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर करतं, आणि बाकीच्या नोंदीलाही आपण स्वतः ते लावू शकतो. गवत, झाडं, सरडे, फुलपाखरं ह्यांच्यासाठी मला तेच ॲप बरं वाटतं, नाव माहीत नसलं तरी फोटो टाकायचा, बाकीचे लोक ओळखतात. लांडग्याच्या पिल्लांची जागा मात्र कशातच नको. हिवाळ्यात पिल्लं असतात, जवळ गेलं तर ती जागा सोडतात.

---

बालाघाट_भटका (बीड)

रातवा पक्ष्याचं कुणी बोललंच नाही 😀 संध्याकाळनंतर माळावर मोबाईल रेकॉर्डर चालू करून ठेव, फरशीवर गोटी टाकल्यावर टक-टक-टकटक करत थांबते तसा आवाज आला की रातवा. डोळ्यानं तो दिसत नाही, दगडासारखाच दिसतो, आवाजावरच घ्यावा लागतो. पुढं पैसे असले तर ऑडिओमॉथ नावाचं छोटं यंत्र मिळतं, तीन पेन्सिल सेलवर चालतं, तासाला दहा मिनिटं असं लावून ठेवलं की बरेच दिवस. मग ते रेकॉर्डिंग बर्डनेटवर टाकून बघायचं, ते आवाजावरून पक्षी सुचवतं. फक्त आपल्याकडचा वारा बघता दगडाच्या आडोशाला ठेव, नाहीतर नुसती घरघर.

आणि गूगल अर्थवर जुनी चित्रं बघ गायरानाची, वर्षावार. मे मधलं चित्र दाखवलं तर साहेब म्हणतील बघा दगडंच. सप्टेंबरचं काढ.

---

जुना_विस्तार_अधिकारी (परभणी)

बाळांनो, यंत्रांचं बरंच झालं, आता कागदाचं सांगतो, कारण शेवटी तिथंच गाडी अडते.

एक तर हे ध्यानात घ्या की २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतून सोलर वीजप्रकल्प वगळलेले आहेत. धरणाला, खाणीला जसा पर्यावरणाचा अभ्यास करावा लागतो, जनसुनावणी होते, तसं इथं काही होत नाही. म्हणजे तुमच्या गायरानावर काय जगतं ते बघायला सरकारी माणूस येणारच नाही, कारण तसा नियमच नाही. तुमच्या नोंदी ह्या दुसऱ्या कुठल्या नोंदींच्या जोडीला नसून त्याच एकमेव असणार आहेत. म्हणून त्या नीट पाहिजेत.

आता त्या ठेवायच्या कुठं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तुमच्या ग्रामपंचायतीकडं ही वही आहे, मी पैजेवर सांगतो, कपाटात आहे. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या वह्या पूर्ण करा नाहीतर महिन्याला १० लाख दंड असं फर्मान काढलं होतं, त्या धावपळीत राज्यभर वह्या भरल्या गेल्या. कशा, ते विचारू नका. मी अशी एक वही बघितली आहे, कोरडवाहू गावाच्या वहीत कोकणातली झाडं, कारण भरून देणाऱ्यानं दुसऱ्या गावची फाईल उचलली आणि वर गावाचं नाव बदललं. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ सरांनी ही कल्पना मांडली तेव्हा गुराखी, वैदू, मेंढके ह्यांच्याकडचं ज्ञान लिहून निघावं असं त्यात होतं. झालं भलतंच.

पण वही दुरुस्त करता येते. तिच्यात भर घालत राहायची असते. तुम्ही असं करा, आधी ग्रामसेवकाकडं अर्ज देऊन वहीची प्रत मागा. समितीत कोण आहे बघा, बऱ्याचदा सदस्यांनाच माहीत नसतं आपण सदस्य आहोत ते. मग तुमच्या ई-बर्डच्या याद्या, कॅमेऱ्याचे फोटो तारखेसकट, आणि जुन्या मेंढक्यांनी सांगितलेलं, त्यांच्या नावानिशी त्यांना विचारून, हे सगळं समितीच्या बैठकीत ठेवून ठराव करून वहीत घाला. लातूरच्या ताईंनी लपवायला सांगितलेल्या जागा गाळून. प्रत नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाकडं पाठवा. एवढं झालं की ग्रामसभेत तुम्ही बोलताना 'आम्हाला दिसलं' असं राहत नाही, 'ग्रामपंचायतीच्या दप्तरी अमुक पानावर आहे' असं होतं. इतिवृत्तात तसं लिहून घ्या.

आणि केजकर म्हणतात ते सोडू नका. सगळं गायरान वाचवा म्हणून गेलात तर हराल. वढे, तलावाची कड आणि गवताचा तो मुक्कामाचा तुकडा सोडून दगडाळ भागात प्लांट घ्या, कुंपण वढ्यावर आणू नका, असा नकाशा घेऊन जा. गावाला दिवसा लाईट पण पाहिजे.

---

केजचा_शेतकरी

काकांनी मनातलं बोलले. अजून एक, ते भोवत्या खातेत काय?

---

गोदाकाठचा_बगळा

टोळ, नाकतोडे. आपल्याकडं हिवाळ्यात त्यांचं मुख्य खाणं तेच, सोबत उंदीर, छोटे पक्षी. हे ग्रामसभेत सांगितलं तरी चालंल. पण फार ताणू नका, ह्यांच्यामुळं फवारणी लागत नाही वगैरे असं कुणी म्हणू नका, तसं काही मोजलेलं नाही तुमच्याकडं.

---

माळावरचा_पोरगा

लई लई आभार सगळ्यांचे. आज सकाळीच ग्रामपंचायतीत गेलो होतो. वही हाय. कपाटातच होती. काका, तुमच्यासारखं कोकण नाही निघालं, पण प्राण्यांच्या पानावर 'ससा, माकड, मोर' एवढंच, लांडगा नाही, हरीण नाही, आणि पक्षी म्हणून चिमणी-कावळा धरून दहा-बारा नावं. समितीत माझ्या सख्ख्या चुलतीचं नाव निघालं, तिला पत्ताच नाही. ती बचत गटात पण आहे त्यामुळं ताईंनी सांगितलेलं काम तिच्याकडंच दिलं, ती म्हणली वढ्याच्या वरच्या अंगाला लावा, खालच्या अंगाला बाया असतेत.

आमचं ठरलं असं की ड्रोन बाद, कॅमेरे दोन घ्यायचे, पहिला मेंढवाड्याकडं. संध्याकाळची मोजणी आळीपाळीनं, एकच दगड ठरवलाय बसायला. मोजणारा बदलला तर आकडा बदलतो का, हे एक विचारायचं होतं. आणि कार्ड किती जीबीचं घेऊ?

---

गोदाकाठचा_बगळा

बदलतो. म्हणून पहिले काही दिवस दोघं-दोघं बसा, एकमेकांना न सांगता मोजा, मग आकडे ताडून बघा. जुळायला लागले की एकेकटे बसा. यादीत मोजणाऱ्याचं नाव टाकत जा.

---

गौताळा_वाट

३२ चं घे, प्रत्येक कॅमेऱ्याला दोन, म्हणजे एक काढलं की दुसरं लगेच घालता येतं. मोठं कार्ड काही स्वस्त कॅमेरे घेतच नाहीत, मॉडेल बघून विचार. आणि लावायच्या आधी तारीख-वेळ सेट कर, सगळे ते विसरतात, मग लांडगा १ जानेवारी २०१५ ला आलेला दिसतो.